पुठ्ठा, चार घड्या

पहिली सेटिंग टेबलाच्या पायाखाली:
पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा, चार घड्या.
बितोममधली आमची गल्ली कोळशाच्या खाणीवर बसली आहे
आणि खाण दर वर्षी थोडं अंग चोरते,
म्हणून माझ्या खोलीत ठेवलेला चेंडू
खिडकीपासून दारापर्यंत आपला आपण जातो.
माउसही गेला असता.

मग बाकीचं.
माउसचं ऍक्सिलरेशन बंद.
हात जेवढा सरकेल तेवढंच जग वळावं,
घाईला वेगळं बक्षीस नको.
डीपीआय आठशे.
सेन्सिटिव्हिटी शून्य पूर्णांक ब्याऐंशी.
तीन आठवडे ती चौऱ्याऐंशी होती
आणि त्या दोन शतांशांनी माझा नेम
क्राकूवच्या पोरांच्या मानेला चाटून गेला,
अकरा वेळा,
दर वेळी डावीकडून.

रेझोल्यूशन जुनं, आखूड, दोन्ही बाजूंनी ताणलेलं.
माणसं त्यात बुटकी नि रुंद दिसतात
लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या मामांसारखी,
टिपायला सोपी.
पाणी, धूर, गवत, लादीवरची चकाकी,
सगळं किमान.
देखणं जग सावकाश चालतं,
आणि मला सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं हवीत,
त्यातल्या एकात तरी
त्याने मला पाहण्याआधी मी त्याला पाहावं.

क्सावेरी म्हणतो, सावल्याही बंद कर.
त्या नाही करत.
कोपऱ्यावरून माणूस वळण्याआधी त्याची सावली वळते.
तिच्यासाठी मी वीस फ्रेम सोडते
आणि कुरकुरत नाही.

आवाजाचं मात्र खालच्या मजल्यावर शिकले.
आलोइझ एकतीस वर्षं जमिनीखाली होते.
म्हणायचे, लाकडाचा टेकू चांगला,
मोडण्याआधी बोलतो.
लोखंडाचा सांगतच नाही.
ऐकून ऐकून, आणि ड्रिलमुळे, कान गेले.
मला त्याचा फायदाच होता:
रात्री तीनला स्पीकर लावले तरी
खालून हूं की चूं नाही.

मार्चमध्ये दवाखान्याने त्यांना यंत्रं दिली, दोन कानांना दोन,
सोबत फोनवर एक ॲप.
फोन घेऊन जिना चढून आले.
"पोरी, तू रात्रभर काहीतरी फिरवत असतेस.
हेही फिरव."

मी माझंच दिलं त्यांना.
खालचे सूर कापले: फ्रिज, ट्राम, बॉयलरची घरघर.
मधले वर नेले, जिथे पावलं राहतात,
किल्ल्या, चमचे,
आणि सगळे स नि श,
ज्यांच्याशिवाय आमच्या भाषेत
अर्धा माणूसही उरत नाही.
ते खुर्चीत ताठ बसले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, जिन्यावर कुणीतरी लंगडतंय.
होतं. दुसऱ्या मजल्यावरची यादविगा.

बुधवारी पात्रता फेरी.
शेवटचा राउंड, ते दोघे, मी एकटी.
श्वास धरून कान लावलेले,
हेडफोनमध्ये फक्त रिकामं गोदाम.
आणि मागून, खालून,
टक. टक टक.
मी गर्रकन वळले.
मागे कुणी नव्हतं.
तो समोर होता.

क्सावेरी जे बोलला ते इथे लिहीत नाही.

सकाळी खाली गेले, भांडायलाच.
आलोइझनी दार उघडलं, हातात काठी,
दाढी केलेली, खुशीत.
"प्रत्येक गोळी ऐकली," म्हणाले.
मग ठोकलंत कशाला?
त्यांना प्रश्नच कळेना.
खाली असताना वरून आवाज आला
की ठोकायचं असतं.
ऐकू आलं, एवढं कळवायला.

पुढची फेरी मेमध्ये.
नवा हेडफोन घेतलाय, बाहेरचं काही आत येऊ न देणारा,
पुठ्ठ्याला एक घडी वाढवली आहे.
रात्री पाणी प्यायला उठते
तेव्हा शिफ्ट दाबून धरल्यासारखी चालते, टाच न टेकता.

कधी कधी टेकते.